करळ कुठवर चढलाय? कोकणच्या किनाऱ्यावर जुनी समुद्रपातळी मोजण्याची आणि तिच्यातला दूरच्या बर्फाचा वाटा ओळखण्याची रीत

आमच्या वाडीतल्या जुन्या विहिरीचा कठडा जांभ्याचा नाही. जवळ जाऊन पाहिलं की दगडात शिंपले दिसतात, वाळूचे कण दिसतात, मधेच एखादा गुळगुळीत गोटा दिसतो. हा करळ. पुळणीवरची, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरची, वाळू आणि शिंपले चुन्याने घट्ट बांधले जाऊन तयार झालेला दगड. मुंबईपासून खाली रत्नागिरीपर्यंत अनेक गावांत विहिरींना, गडग्यांना, जुन्या घरांच्या जोत्यांना हाच दगड वापरलेला आढळतो.

याच कठड्यावर बसून मी लहानपणापासून एक वाद ऐकत आलोय. एकजण म्हणतो, "समुद्र इथवर होता, मागे गेला." दुसरा म्हणतो, "समुद्र कुठे जातोय? जमीन वर आली." परशुरामाची गोष्ट घराघरांत सांगितली जाते, त्यामुळे पहिल्याला नेहमी जास्त मतं पडतात. पुढे हा विषय अभ्यासताना कळलं की दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्यातला मोठा भाग हजारो मैलांवर वितळलेल्या बर्फाने घडवला आहे. कॅनडा आणि स्कँडिनेव्हियावरचा बर्फ गेला म्हणून आपल्या पुळणीची उंची बदलली, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण बांबूच्या दोन काठ्या, गवंड्याची पाण्याची नळी आणि भरतीचं कोष्टक एवढ्या सामानावर त्याची खूण तुम्ही स्वतः मोजू शकता. कसं, ते सविस्तर सांगतो. शाळेतल्या मुलांचा गट, किनाऱ्याजवळ राहणारं कुणीही हे करू शकेल.

आधी समजून घ्या: बर्फाने जमीन कशी हलते

मोजणीची घाई करू नका. काय शोधतोय ते माहीत नसेल तर हाती आलेल्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

होडीत माल भरला की ती पाण्यात खाली बसते, उतरवला की वर येते. पृथ्वीचं कवच त्याखालच्या प्रावरणावर असंच तरंगतं. फरक एवढाच की प्रावरण पाण्यासारखं पातळ नाही. काकवीपेक्षाही कितीतरी पटींनी दाट, म्हणून बसायला आणि वर यायला हजारो वर्षं लागतात. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं. उत्तर अमेरिकेचा मोठा भाग आणि उत्तर युरोप यांवर जागोजागी तीन किलोमीटरपर्यंत जाड हिमचादर होती. बर्फाची घनता प्रावरणाच्या साधारण साडेतीन ते पावणेचार पटींनी कमी, म्हणजे ३,००० मीटर बर्फाखाली जमीन पूर्ण बसायला वेळ मिळाला तर ८००-९०० मीटर खाली जाते.

बर्फ गेला आणि जमीन उठू लागली. ती अजून उठतेच आहे. स्वीडन आणि फिनलंडमधल्या बॉथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर, कॅनडातल्या हडसन उपसागराच्या परिसरात त्याहून थोडी जास्त. स्वीडनच्या 'उंच किनाऱ्या'वर हिमयुगानंतरची जुनी किनाररेषा आज समुद्रापासून २८६ मीटर वर आहे. आपल्याकडचे कित्येक सडे, म्हणजे जांभ्याची सपाट पठारं, तेवढे उंच नसतात.

आता कणकेच्या गोळ्यावर तळहात दाबून बघा. हाताखाली खड्डा पडतो आणि कडेने कणीक फुगून वर येते. हिमचादरीभोवतीही असा फुगवटा आला होता. हात उचलल्यावर कडेचा फुगवटा बसतो. नेदरलँड्स, इंग्लंडचा दक्षिण भाग, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा चेसापीकचा परिसर आज खचतो त्यामागे हे एक कारण आहे.

मग कोकणात काय झालं?

आपल्याकडे हिमचादर नव्हती. त्यामुळे "बर्फ वितळला, कोकण वर आलं" असं सरळ म्हणता येत नाही. आपल्यापर्यंत तीन गोष्टी पोचल्या, आणि त्या वेगवेगळ्या ओळखणं फार महत्त्वाचं आहे.

पहिली, पाणी स्वतःच. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होता. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन म्हणजे खंडमंच तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. तेव्हाचा किनारा या मंचाच्या पार कडेला होता. तिकडे मासेमारीला जाणाऱ्यांना मुंबईपासून लांब समुद्रात एक सपाट भाग ठाऊक असतो, साधारण पन्नास वाव, म्हणजे नव्वदेक मीटर, खोलीचा. नकाशावर त्याचं नावही 'फिफ्टी फॅदम फ्लॅट' असंच आहे. त्या तळावर उथळ पाण्यात तयार झालेले जुने चुनखडीचे थर सापडले आहेत. बर्फ वितळत गेला तसा समुद्र त्या मंचावरून चालत आपल्या दारापर्यंत आला.

दुसरी, त्या पाण्याचं वजन. शंभर मीटर खोल पाणी म्हणजे काही थोडा भार नाही. जिथे आधी कोरडी जमीन होती तिथे हा भार नव्याने पडला आणि समुद्राचा तळ हळूहळू दबत गेला. तळ दबला की त्याखालचं द्रव्य जमिनीच्या बाजूला सरकतं आणि किनारपट्टी किंचित कलते, समुद्राकडे खाली, जमिनीकडे वर. ओटीच्या फळीवर एका टोकाला माणूस बसला की दुसरं टोक उचलतं, तसं. कोकणातली जमीन "वर आली" म्हणणाऱ्याचं खरं होतं ते इथे.

तिसरी गोष्ट मला सर्वात सुंदर वाटते. दूर उत्तरेचा तो कडेचा फुगवटा समुद्राखाली खचू लागला तशी तिथे जागा झाली, आणि ती भरायला विषुववृत्ताजवळच्या समुद्रांतलं पाणी तिकडे ओढलं गेलं. १९९१ साली मित्रोविका आणि पेल्टियर या शास्त्रज्ञांनी ही प्रक्रिया नीट मांडली. म्हणजे सहा-सात हजार वर्षांपूर्वी मोठ्या हिमचादरी वितळून संपत आल्या तेव्हा उष्ण कटिबंधातल्या अनेक किनाऱ्यांवर समुद्र आजच्यापेक्षा मीटर-दोन मीटर, काही ठिकाणी थोडा जास्त, उंच होता. त्यानंतर तो हळूहळू उतरला. "समुद्र मागे गेला" म्हणणाराही म्हणून चुकलेला नाही.

आपल्याला शोधायची आहे ती त्या उंच पाण्याची खूण.

पहिली पायरी: योग्य खूण निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मोजणी चुकली तर दुरुस्त करता येते, खूणच चुकीची असेल तर अचूक मोजून काही उपयोग नाही.

करळाची खात्री अशी करा. थरांचा उतार समुद्राकडे हलका झुकलेला हवा, आजच्या पुळणीचा असतो तसाच. दगड जागचा हवा. लाटांनी उलथून टाकलेल्या लाद्यांचे थर भलत्याच दिशेला तोंड करून असतात, त्या सोडून द्या. खाली पडलेला एखादा सुटा तुकडा घेऊन त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. करळ असेल तर बारीक फेस येतो, जांभ्याला येत नाही. जागेवरचा दगड मात्र फोडू नका. किनारा नियमन क्षेत्रात तो संरक्षित आहे, आणि तसा नसता तरी हा एकदाच लिहिला गेलेला दस्तऐवज आहे.

करळ भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बांधला जातो. पण त्या पट्ट्यात नेमका कुठे? मोठे शिंपले आणि गोटे भरपूर असतील तर बहुधा खालच्या बाजूला. बारीक वाळूच्या थरात आंबोळीला पडते तशी जाळी, छोटी गोल छिद्रं, दिसली तर आनंद माना. लाट वाळूवर चढून उतरते तेव्हा अडकलेल्या हवेचे ते बुडबुडे आहेत, म्हणजे तो थर भरतीच्या वरच्या रेषेजवळचा. एकाच करळात खाली गोटे आणि वर जाळी असा क्रम मिळाला तर जुन्या पुळणीचा उभा छेदच तुमच्यासमोर आहे.

दुसरी खूण कालवांची. नवख्यांना मी हीच आधी घ्यायला सांगतो. कालवं खडकाला चिकटून वाढतात आणि ठरावीक उंचीच्या वर जगत नाहीत, म्हणून खडकावर जिवंत कालवांची वरची कड बरीच सरळ दिसते. त्याच्या वर, जिथे आता भरतीचं पाणी नीट पोचत नाही, तिथे मेलेल्या कालवांच्या जुन्या कवचांचा खडकाला घट्ट धरलेला पट्टा सापडला, तर जिवंत पट्ट्याची वरची कड ते मेलेल्या पट्ट्याची वरची कड हे अंतर म्हणजेच पातळीतला बदल. भरतीचं कोष्टक लागत नाही, आकडेमोड लागत नाही. अट एकच, दोन्ही पट्टे सारख्या उघड्या खडकावर हवेत. बाहेरच्या लाटाळ खडकावर कालवं जास्त उंच चढतात, खाडीतल्या शांत पाण्यात खाली राहतात. बाहेरचा मेलेला पट्टा आणि आतला जिवंत पट्टा यांची तुलना केलीत तर नसलेला बदल दिसेल.

आता काय वापरू नये ते. वाळूचं टेकाड वापरू नका. केळशीचं उंच टेकाड प्रसिद्ध आहे, त्यात जुन्या मानवी वस्तीचे अवशेषही मिळाले आहेत, पण वारा आणि मोठ्या लाटा वाळू कितीही वर नेऊन टाकू शकतात. शेतात सापडणारे सुटे शिंपले वापरू नका, ते कुणीतरी खाऊन टाकलेले, किंवा माडांना खत म्हणून आणलेले असू शकतात. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरलेले खडकाचे सपाट ओटे आहेत, मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेले कातळ आहेत. पाहायला जरूर जा, ओहोटी बघूनच. पण बसाल्टचा असा ओटा कोरायला फार काळ लागतो आणि तो कधी कोरला हे दगड सांगत नाही. सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वी, मागच्या उबदार काळात, समुद्र आजच्यापेक्षा ६ ते ९ मीटर वर होता. उंच ओटा दिसला आणि तो सहा हजार वर्षांपूर्वीचा धरला तर सगळा हिशेब बिघडेल.

दुसरी पायरी: दिवस आणि वेळ

पावसाळ्यात हे काम करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ, समुद्र निवांत असतो.

दोन फेऱ्या लागतील. पहिली उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी सर्वात आत गेल्यावर. खुणा शोधायला, खालचे थर बघायला ती वेळ. दुसरी भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या मागेपुढे, प्रत्यक्ष पातळी घ्यायला. भांगाला पाणी कमी चढउतार करतं म्हणून वेळेची चूक स्वस्तात पडते. उधाणाला सव्वादोन-अडीच मीटरचा चढउतार असेल तर भरतीच्या मधल्या तासांत पाणी मिनिटाला जवळजवळ एक सेंटिमीटर चढतं. घड्याळ दहा मिनिटं चुकलं की दहा सेंटिमीटर गेले.

वेळ काढायची आपली जुनी रीत सगळ्यांना माहीत आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. घरून निघायला ही रीत पुरते. मोजणीला मात्र छापील कोष्टक घ्या. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो. तुमच्या गावाला सर्वात जवळचं बंदर घ्या, कारण मुंबईकडून दक्षिणेला जाताना भरतीची उंची कमी होत जाते आणि मुंबईचा आकडा रत्नागिरीला लावला तर चूक मीटरभर होऊ शकते.

तिसरी पायरी: पाण्याच्या नळीने पातळी घेणे

गवंडी जोतं समपातळीत आणायला वापरतात ती पारदर्शक नळी, वीस मीटर लांबीची. दोन सरळ काठ्या, प्रत्येकीला मोजपट्टी चिकटवलेली. वही, पेन्सिल, आणि तीन माणसं. दोघं काठ्या धरायला, एक लिहायला.

नळीत पाणी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने ओढून घ्या, तोटीखाली धरून भरू नका, बुडबुडे राहतात. भरल्यावर नळी पूर्ण पसरून बुडबुडा कुठे अडकलाय का ते बोटाने टिचकी मारत तपासा. आमच्या पहिल्या मोजणीत नळीच्या मधोमध नखाएवढा बुडबुडा राहिला होता, आणि उन्हात तापून तो वाढला. दोन वेळा मोजलं तेव्हा दोन आकड्यांत वीतभर फरक आला. सगळा दिवस पुन्हा करावा लागला. तेव्हापासून दर टप्प्याआधी आम्ही नळीची दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का बघतो. नळी सावलीत ठेवणं बरं.

सुरुवात पाण्याच्या पातळीपासून. उघड्या पुळणीवर लाटेमुळे पातळी कळत नाही, म्हणून खाडीच्या तोंडाशी, जेटीच्या पायरीला किंवा खडकांच्या आडोशाला जागा बघा. पूर्ण भरतीला पाणी काही मिनिटं थबकतं. त्या वेळी पायरीवर खडूने रेघ मारा आणि वेळ लिहा. पुढचं काम सावकाश करता येतं, कारण आता तुम्हाला पाण्यापासून नव्हे, त्या रेघेपासून मोजायचं आहे.

पहिली काठी रेघेवर, दुसरी पंधरा मीटर पुढे. दोन्हीकडे नळीतलं पाणी स्थिर झालं की एकाच वेळी वाचन घ्या. दोन वाचनांतला फरक म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतला फरक. मग पहिली काठी उचलून पुढे न्या, दुसरी जागची हलवू नका. असं टप्प्याटप्प्याने करळाच्या माथ्यापर्यंत जा. पोचल्यावर तसेच उलट परत या. जाताना चढलेली उंची आणि येताना उतरलेली उंची यांत तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर मोजणी ग्राह्य धरू नका.

हे तीन वेगवेगळ्या दिवशी करा. कोष्टकातली उंची आकाशातल्या चंद्रसूर्यावरून काढलेली असते, वारा आणि हवेचा दाब तिला माहीत नसतो. दाब एक मिलिबारने घसरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं. तीन दिवसांची सरासरी घेतली की ही गडबड बरीच निवळते.

चौथी पायरी: हिशेब

कोष्टकातली उंची ही सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेली नसते. जवळजवळ सर्वात खोल ओहोटीच्या ठरवलेल्या तळरेषेपासून ती धरलेली असते. मुंबईला सरासरी समुद्रपातळी या तळरेषेच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. तुमच्या बंदराचा आकडा त्याच कोष्टकात शोधा आणि तो वजा करा.

समजण्यासाठी काही आकडे धरू. कोष्टक सांगतं भरती २.५० मीटर. बंदराची सरासरी पातळी १.४० मीटर. म्हणजे तुमची खडूची रेघ सरासरी समुद्रपातळीच्या १.१० मीटर वर. करळाचा माथा रेघेच्या १.४५ मीटर वर निघाला. तर माथा सरासरी पातळीच्या २.५५ मीटर वर.

इथे थांबून "समुद्र अडीच मीटर उंच होता" असं लिहिणारे पुष्कळ असतात. ती चूक तुम्ही करू नका. करळ सरासरी पातळीवर तयार झाला असंच काही नाही, तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कुठेही तयार होऊ शकतो. समजा तुमच्याकडे उधाणाची भरती आज सरासरीच्या १.२५ मीटर वर जाते आणि ओहोटी १.२० मीटर खाली. माथ्याचा थर भरतीच्या रेषेवर बांधला असेल तर समुद्र किमान १.३० मीटर उंच होता. ओहोटीच्या रेषेवर बांधला असेल तर ३.७५ मीटर. दोन टोकांत अडीच मीटरचं अंतर. म्हणूनच पहिल्या पायरीत आंबोळीच्या जाळीवर एवढा वेळ घालवला. माथ्याला ती जाळी असेल तर उत्तर १.३० च्या जवळ आहे असं बऱ्याच विश्वासाने म्हणता येतं. नसेल तर दोन्ही टोकं लिहा आणि तशीच ठेवा.

पाचवी पायरी: यातलं बर्फाचं किती?

आकडा हातात आला. आता तो कठड्यावरचा वाद सोडवायचा आहे.

करळाचं वय आपल्याला घरी काढता येत नाही. कोकणातल्या करळांची रेडिओकार्बन पद्धतीने जी वयं निघाली आहेत ती बहुतेक गेल्या काही हजार वर्षांतली आहेत, म्हणजे हिमचादरी वितळून संपल्यानंतरच्या काळातली. किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांत निम्मा होतो, त्यावर ही पद्धत चालते, आणि समुद्री शिंपल्यात जुन्या पाण्यातला कार्बन शिरलेला असल्याने वय सुमारे चारशे वर्षांनी जास्त दिसतं. ती दुरुस्ती करावी लागते. लखनौची बिरबल साहनी संस्था, दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र इथे अशी सोय आहे, पण तिथे महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागामार्फत जा.

वय नसतानाही एक कसोटी आपल्या हातात आहे, ती म्हणजे विस्तार. पाण्याच्या वजनाने येणारा कल शेकडो किलोमीटरवर पसरलेला असतो. तुमच्या गावाची करळाची उंची आणि दहा-वीस किलोमीटरवरच्या गावाची उंची जवळपास सारखी आली, तर कारण दूरचं आणि मोठं आहे असं मानायला जागा आहे. दोन शेजारच्या गावांत एकदम मीटरभर फरक आला, तर स्थानिक कारण शोधा. खडकातला भ्रंश (जिच्या दोन बाजू सरकल्या आहेत अशी भेग), खाडीचं सरकलेलं तोंड, पिढ्यान्‌पिढ्या घातलेले खारभूमीचे बांध. मोजणी एकट्या गावाने केली तर गोष्ट अर्धी राहते ती यासाठी. शेजारच्या गावातल्या शाळेला सोबत घ्या.

एक ढोबळ पडताळाही करून बघा. बर्फाच्या या जुन्या देण्यामुळे आपल्यासारख्या दूरच्या किनाऱ्यांवर समुद्र आजही वर्षाला मिलिमीटरच्या काही दशांशाने उतरण्याच्या बाजूला आहे. ०.३ मिलिमीटर धरा, ६,००० वर्षांनी गुणा. १.८ मीटर. वेग सगळा काळ सारखा नव्हता, तरी करळाच्या मोजणीशी हा आकडा एकाच घरात बसतो. पहिल्यांदा हा गुणाकार केला तेव्हा मी बराच वेळ वहीकडे बघत राहिलो होतो.

उलट साक्षही आहे आणि ती लपवू नये. मुंबईत १८७८ च्या सुमारास प्रिन्सेस डॉक खणताना गाळाखाली खैराच्या झाडांचं जंगल सापडलं, मुळांसकट, कित्येक खोडं उभीच. ती झाडं कोरड्या जमिनीवर वाढली होती. हे जंगल पाणी चढत येतानाच्या काळात बुडालं असू शकतं, किंवा मुंबईची ती बाजू स्थानिक कारणाने खचली असू शकते. वर चढलेला करळ आणि खाली बुडालेलं रान, दोन्ही एकाच किनारपट्टीवर. वय काढल्याशिवाय दोघांना एका माळेत ओवता येत नाही, आणि कोकणाच्या जमिनीला फक्त बर्फाचाच हात लागलेला नाही हेही त्यातून दिसतं. सह्याद्री झिजतो आहे, त्याचा गाळ समुद्रात भार टाकतो आहे, कोयनेचा १९६७ चा भूकंप आपल्याच मागच्या डोंगरातला.

आजच्या काळजीशी याचा संबंध

ही मोजणी दाखवली की गावात हमखास कुणीतरी म्हणतं, "म्हणजे समुद्र उतरतोच आहे, मग घाबरायचं कशाला?" याचं उत्तर आकड्यांत देणं गरजेचं आहे, कारण या समजुतीवर लोक पुळणीला चिकटून घरं बांधतात.

बर्फाच्या जुन्या परिणामाने समुद्र वर्षाला मिलिमीटरच्या काही दशांशाने उतरतो. १९९३ पासून उपग्रहांनी मोजलेली जगाची समुद्रपातळी वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरहून जास्त वेगाने चढते आहे, अलीकडे चारच्या पुढे. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापक आहे. हिंद महासागरातल्या सर्वात जुन्या नोंदींपैकी ती एक. तिच्यात दीर्घकाळाची वाढ वर्षाला एक मिलिमीटरच्या आतबाहेर दिसते. म्हणजे जुनं उतरणं केव्हाच मागे पडलं आहे.

दुसरं, कुठला बर्फ वितळतो यालाही महत्त्व आहे. ग्रीनलंडची हिमचादर एवढी वजनदार आहे की तिच्या गुरुत्वाकर्षणाने आसपासचं पाणी तिच्याकडे ओढलेलं राहतं. ती वितळली की ओढ सैल होते, शिवाय तिथली जमीन उठते, आणि ग्रीनलंडच्या जवळच्या समुद्रात पातळी चक्क घटते. ते पाणी दूरवर जातं, आणि दूर म्हणजे आपण. अंटार्क्टिकाच्या बाबतीतही आपण दूरच्याच बाजूला आहोत. त्यामुळे या दोन हिमचादरींचं पाणी आपल्या वाट्याला जगाच्या सरासरीइतकं, किंबहुना थोडं जास्तच येतं. घराचं जोतं ठरवताना आजच्या उधाणाच्या रेषेवर हे गृहीत धरा. करळाची उंची तिथे आधाराला घेऊ नका.

पुळण एका पावसाळ्यात दहा-वीस पावलं खाल्ली गेली तर मात्र दोष समुद्रपातळीला देण्याआधी वाळूउपसा, नवी जेटी, नदीवरची धरणं याकडे बघा. मिलिमीटरांनी पुळणी अशा एका वर्षात जात नाहीत.

शेवटची पायरी: खूण ठेवून जा

१७३१ साली अँडर्स सेल्सिअस यांनी स्वीडनच्या किनाऱ्याजवळ लोव्हग्रुंड बेटावरच्या एका खडकावर समुद्राच्या पातळीची रेघ कोरवून घेतली. पाणी आटतंय असं त्यांना वाटत होतं. जमीन उठतेय हे पुढे कळलं, आणि बर्फाच्या वजनाची कल्पना तर स्कॉटलंडच्या थॉमस जेमिसनने १८६५ साली मांडली. ती रेघ आज पाण्यापासून सुमारे दोन मीटर वर आहे.

आपल्याकडे बदल फार हळू आहे, आणि खडक कोरायची गरजही नाही. गावातली एखादी पक्की जागा निवडा, देवळाचं जोतं, शाळेची पायरी, जेटीचा खांब. तिथून करळाच्या माथ्यापर्यंतची आणि जिवंत कालवांच्या वरच्या कडेपर्यंतची उंची वर सांगितलेल्या नळीने मोजा. त्या जागेचा फोटो काढा, फोटोत काठी उभी धरा. तारीख, तिथी, भरतीची वेळ, कोष्टकातली उंची, वारा कुठला होता, मोजणारे कोण, सगळं लिहा. कालवांची कड दर पाच वर्षांनी त्याच महिन्यात पुन्हा मोजा. वहीच्या दोन प्रती करा. एक शाळेत ठेवा, एक ग्रामपंचायतीच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.